उंच पोरीला आलेलं बोलावणं

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढ्यांच्या आधी प्रश्न घरात येतात. सायन्स की आर्ट्स? इथंच की लातूर-नांदेडला? आणि मुलगी असली तर तिसरा प्रश्न, जरा हळू आवाजात, "आणखी किती शिकवायचं?" यंदा आमच्या मागच्या गल्लीत चौथाच प्रश्न आला आणि तो घेऊन त्या घरची ताई थेट माझ्या ओट्यावर येऊन बसली.

ताई शिवणकाम करते. नवरा जिनिंगमध्ये हमालीला. थोरली लेक यंदा दहावी झाली, बासष्ट टक्के पडले. पोरगी पाच फूट नऊ इंच. आजवर या उंचीची सगळ्यांनी काळजीच केली. "हिला नवरा कुठून आणायचा?" हे वाक्य त्या पोरीनं सातवीपासून ऐकलंय. फोटोत ती नेहमी मागच्या रांगेत, मान खाली घालून.

"वहिनी, मोठ्या शहरातल्या एका कॉलेजचे सर घरी येऊन गेले," ताई सांगू लागली. "पोरीला अकरावीला आमच्याकडं द्या म्हणायलेत. फी नाही, हॉस्टेल फुकट, दोन टाइम जेवण फुकट. बास्केटबॉल खेळायचा म्हणे. मला तर काही उमजंना. चेंडू खेळायला कोणी पोरगी नेतंय का, बाई?"

खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं. बचत गट, आरोग्य शिबिरं, पोलीस स्टेशनच्या चकरा हे सगळं केलंय मी. पण खेळासाठी मुलीला मागणं आलंय हे पहिल्यांदाच ऐकत होते. दोन दिवस मागून घेतले आणि विचारपूस केली. क्रीडा शिक्षकांना भेटले, क्रीडा कार्यालयात जाऊन आले, बाहेरगावी खेळून परत आलेल्या दोन मुलींशी बोलले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते, कारण आज तिच्या दारात आलेलं बोलावणं उद्या तुमच्याही दारात येऊ शकतं. खेळ कबड्डी असेल, खो-खो असेल, व्हॉलीबॉल असेल, एवढाच काय तो फरक.

आधी हे समजून घेऊ की कॉलेजला आपली मुलगी हवी कशाला. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय अशा पायऱ्या. अकरावी-बारावीची मुलं १९ च्या गटात येतात. राज्याला संघ गेला की कॉलेजचं नाव पेपरात, फोटो बोर्डावर, पुढच्या वर्षी प्रवेशाला गर्दी. सगळीच कॉलेजं जाहिरातीसाठी करतात असं नाही. पुणे, नागपूर, मुंबईतला नागपाडा या ठिकाणी बास्केटबॉल पिढ्यान् पिढ्या खेळला जातो आणि तिथं खेळावर खरं प्रेम करणारी माणसं आहेत. पण संघाला उंच मुलगी लागतेच. या खेळातली रिंग जमिनीपासून तब्बल दहा फुटांवर असते. चेंडू टप्पे मारत नेणं, पास देणं, नेम धरणं हे सगळं शिकवून येतं. उंची काही क्लास लावून येत नाही. म्हणून जिल्ह्याच्या सामन्यांना बाहेरचे सर येऊन कठड्याशी उभे राहतात आणि कोणती पोरगी मान वर करून उभी आहे ते बघतात. आपल्या पोरीला मात्र आपणच मान खाली घालायला शिकवलेलं!

ताईच्या पोरीच्या शाळेत बास्केटबॉलची रिंग एकच आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड. पोरी एका बाजूला रिंगमध्ये चेंडू टाकतात आणि दुसऱ्या बाजूला झाडाला हात लावून परत फिरतात. पीटीच्या सरांनी तेवढ्यावर संघ उभा केला. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतो ना आपण, ते हे असं!

हा खेळ मुळात १८९१ मध्ये अमेरिकेत जन्माला आला. जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तरानं थंडीत घरातल्या घरात पोरांना खेळवायला फळांच्या टोपल्या भिंतीला टांगल्या. पुढच्या एक-दोन वर्षांतच तिथल्या मुलींच्या कॉलेजात तो सुरू झाला. तिकडं ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. त्यांच्या खेळांची स्वतंत्र संघटना १९३८ पासून आहे. विद्यापीठात थेट जागा मिळाली नाही, मार्क कमी पडले, घरची ओढाताण असली की मुलं आधी तिथं जातात, शिष्यवृत्तीवर दोन वर्षं खेळतात आणि मग मोठ्या विद्यापीठाचे लोक त्यांना बघायला येतात. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींना डावलायचं नाही, खेळातसुद्धा नाही. त्यानंतर मुलींच्या शिष्यवृत्त्या खऱ्या अर्थानं वाढल्या.

त्यातली एक गोष्ट मी ताईला मुद्दाम सांगितली. शेरिल स्वूप्स. टेक्सासमधल्या ब्राऊनफील्ड नावाच्या लहानशा गावची. तो सगळा भाग कापसाचा, आपल्यासारखाच. आईनं एकटीनं वाढवलेली पोर. तिला आधी एका बड्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती देऊन नेलं. काही दिवसांतच घराच्या ओढीनं परत आली! आपल्याकडे असं झालं असतं तर काय म्हटलं असतं? "बघा, सांगितलं नव्हतं? पोरीच्या जातीला झेपत नाही." तिकडंही कुणी म्हटलं असेल. पण मग तिनं घराजवळच्या साउथ प्लेन्स या ज्युनिअर कॉलेजात नाव घातलं. १९९१ मध्ये देशातल्या ज्युनिअर कॉलेजांतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिथून जवळच्याच टेक्सास टेक विद्यापीठात गेली आणि १९९३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात एकटीनं ४७ गुण केले. पुढं १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. एका मोठ्या कंपनीनं तिच्या नावाचा बूट बाजारात आणला, असा मान मिळालेली ती पहिलीच महिला बास्केटबॉलपटू. ताईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "घरी परत आल्यावर आईनं हाणली नाही का तिला?"

हसू नका. तिला नेमकं तेच विचारायचं होतं. पोरगी परत आली तर मला काय तोंड द्यावं लागेल?

आपल्या देशातही असं घडलंय. केरळातल्या गीतू अॅना जोससारख्या मुली कॉलेजच्या संघातून पुढं आल्या, गीतू भारताची कर्णधार झाली, दक्षिण रेल्वेत नोकरी लागली, ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळून आली. भिलाईत राजेश पटेल नावाच्या प्रशिक्षकांनी साध्या घरच्या मुली गोळा करून छत्तीसगडचा असा संघ बांधला की देशभर दबदबा झाला. त्यातल्या कितीतरी मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाल्या. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार राहिली आहे. बास्केटबॉलमध्ये क्रिकेटसारखा पैसा नाही, टीव्हीवर कुणी दाखवत नाही. पण रेल्वे आणि पोलीस या दोन दारांतून नोकरी आत येते. आपल्यासारख्या घरात त्याचं मोल काय असतं ते मी सांगायला नको.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सरकारी क्रीडा अधिकारी झाली. घरात कित्येक वर्षं एकच वेळ जेवण मिळायचं, हे तिनं स्वतः सांगितलंय. २०१६ मध्ये परिस्थितीला कंटाळून खेळ सोडायला निघाली होती, प्रशिक्षकांनी समजावून परत मैदानावर आणली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. आणि आपल्या परभणीची ज्योती गवते! २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली.

पण ज्योती धावते. धावायला रस्ता आणि जिद्द पुरते, सोबत चार जणी नसल्या तरी चालतं. बास्केटबॉल पाच जणींचा खेळ आहे आणि इथंच आपल्या पोरीचं घोडं अडतं. ती एकटी कितीही चांगली खेळली तरी लिंबाच्या झाडाच्या मैदानावरून संघ राज्यात पहिल्या तीनांत यायचा कसा? आणि पहिल्या तीनांतच सगळी मेख आहे. आपल्या राज्यात २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, २०१६ मध्ये त्याचे नियम नव्यानं आले. पण नुसतं ‘भाग घेतला’ असं छापलेलं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. खालच्या पदांसाठीसुद्धा मान्यताप्राप्त राज्य स्पर्धेत पहिल्या तीनांतला क्रमांक लागतो, वरच्या पदांना राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय. म्हणजे चांगल्या संघात गेल्याशिवाय तो कागद नाही. मोठ्या शहराच्या बोलावण्याला जो अर्थ आहे तो हा आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुणही असतात, जास्तीत जास्त २५ पर्यंत. पण त्याचा प्रस्ताव शाळा-कॉलेजनं क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे वेळेत पाठवावा लागतो. तारीख हुकली की गुण गेले. ताईच्या पोरीचे यंदा ते गेलेच. चूक कुणाची यावर आता वाद घालून उपयोग नाही, पण बासष्टचे थोडे तरी वाढले असते.

आणि प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते जपून. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात गाजली, त्यापायी आता पडताळणी कडक झाली आहे. कुठल्या तरी ‘अखिल भारतीय’ नावाच्या स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र देऊन पैसे मागणारा भेटला तर त्याला ओट्यावर बसूसुद्धा देऊ नका.

आता मी एक आकडा लिहिते, तो वाचून मला अजून झोप येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४८ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याची सरासरी २२ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ निम्म्या! दहावी होते, ऊसतोडीला आईबाप निघतात, तरणी पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून उरकून टाकतात. सोळा ते अठरा ही दोन वर्षं आपल्या जिल्ह्यात मुलीच्या आयुष्यातली सगळ्यात निसरडी वर्षं आहेत. आणि अकरावी-बारावी म्हणजे बरोबर तीच दोन वर्षं.

म्हणून या बोलावण्याकडे मी पदकाच्या नजरेनं बघतच नाही. पोरगी राज्य जिंको न जिंको, ती दोन वर्षं कॉलेजात राहील, बारावी होईल, पोलीस भरतीच्या वयाला पोचेल. भरतीला मुलींना उंची १५५ सेंटिमीटर लागते, ही तर त्याच्या कितीतरी वर! ताईच्या घरी एक स्थळ येऊन गेलंय हे मला शेजारणीकडून कळलं. ताईनं स्वतः सांगितलं नव्हतं.

तरीपण "पाठव" असं मी लगेच म्हटलं नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली एक मुलगी अशीच दुसऱ्या एका खेळासाठी लांबच्या कॉलेजात गेली होती. पहिलं वर्ष फार छान. दुसऱ्या वर्षी गुडघा फिरला. तीन महिने खेळता येणार नाही म्हटल्यावर हॉस्टेलची खोली नव्या मुलीला लागेल असं सांगण्यात आलं. घरी यायचं तर टीसी मिळेना. जेवणाचे, राहण्याचे पैसे भरा मग कागद न्या. फुकट म्हटलेलं सगळं तोंडी होतं, कागदावर एक ओळ नव्हती. आम्ही चार बायका जाऊन बसलो तेव्हा कुठं टीसी हाती आली. मुलीचं वर्ष मात्र गेलं ते गेलंच. गुडघा अजून दुखतो तिचा, जिना चढताना.

त्या अनुभवावरून मी आणि ताईनं बसून प्रश्न काढले. वहीच्या पाठच्या पानावर ताईनं स्वतः लिहिले, शिलाईची मापं लिहिते त्याच पेन्सिलीनं. फी माफ म्हणजे कोणती, परीक्षेची पण का? हे प्राचार्यांच्या सहीनं लिहून देणार का? पोरगी पडली, पाय मोडला, तर दवाखाना कोण करणार आणि बारावीपर्यंत हॉस्टेल राहील का? मूळ कागद कुणाकडे राहणार? सराव किती वाजता सुटतो आणि अंधारात मैदानापासून हॉस्टेलपर्यंत पोरी कशा येतात? बाहेरगावी सामन्याला जाताना सोबत बाई असते का? हा प्रश्न ताईनं दोनदा अधोरेखित केला, आणि बरोबर केला. सोळा वर्षांची मुलगी कायद्यानं बालक आहे, पॉक्सोचा २०१२ चा कायदा तिला लागू आहे. संघासोबत बाई नसेल तर मुलगी जाणार नाही, हे आईनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगावं. त्यात कसला आलाय उद्धटपणा! चांगला प्रशिक्षक असेल तर त्याला अशी आई आवडेल. पोरीलाही १०९८ हा नंबर पाठ असू द्यावा.

आणखी एक, मार्कांचं. कोणता विषय घेऊन खेळणार? सकाळ-संध्याकाळ सराव आणि मध्ये सायन्सची प्रॅक्टिकलं हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. आमची पोरगी आर्ट्सला जायला तयार आहे. मीही आर्ट्सचीच, तेव्हा मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. सर म्हणाले होते, "प्रवेशाचं आम्ही बघू." पण २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. खेळाडूंसाठी जागा असतात, पण अर्ज तर भरावाच लागतो, प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात. पहिल्या पसंतीला जे कॉलेज टाकाल ते लागलं तर तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायची पाळी येते. म्हणून अर्ज भरायला कुणाच्या हाती मोबाईल आणि पासवर्ड देऊन मोकळं होऊ नका. पसंतीक्रम घरी बसून, पोरीला शेजारी बसवून भरा. बारावीला कॉलेज बदलू म्हटलं तर परवानग्यांची भानगड असते.

घरात सगळ्यात मोठा वाद मात्र यातल्या कशावरच झाला नाही. वाद झाला चड्डीवर. "गुडघ्याच्या वर कपडे घालून पोरगी पन्नास माणसांपुढं पळणार?" बापाचा हा एकच मुद्दा. आजी मध्ये पडली. म्हणाली, "ऊस तोडताना पोरी पाचट लागू नये म्हणून बापाच्या पँटी घालतात, तवा तुझी लाज कुठं जाती रं?" बाप गप्प झाला. पटलं का नाही ते नाही सांगता येत, गप्प झाला एवढं खरं. लांब चड्डी, आतून पायाला चिकटणारी काळी पँट हा तोडगा पोरीनंच काढला, खेळाडू तशा घालतात म्हणे.

पोरीला मी एकटीला गाठून विचारलं, कारण या सगळ्या गोंधळात तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुला जायचंय का? ती म्हणाली, "मावशी, खेळायचंय का माहीत नाही. तिथं माझ्यापेक्षा उंच पोरी असतील म्हणे. तेवढं बघायचंय." मग जरा थांबून, "आई एकटी पडंल."

आईचं रक्त तपासायला गेलो होतो आरोग्य शिबिरात, तेव्हा पोरीचंही करून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. आपल्याकडे बहुतेकींचं निघतं. दोन वेळा मैदानावर पळायचं तर पोटात काहीतरी हवं. कॉलेजच्या मेसमध्ये अंडं, डाळ, दूध किती देतात हा प्रश्न त्यामुळे वहीत शेवटी वाढवला. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. गूळ-शेंगदाण्याचे लाडू आजीनं केलेत, ते धाकटा भाऊच जास्त खातो.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला तेव्हा ताईनं वही उघडून एकेक प्रश्न वाचून दाखवला. आवाज थरथरत होता, पण वाचले सगळे. सर म्हणाले, सोबत बाई असतात, फी-हॉस्टेलचं लिहून देऊ. दुखापतीचं मात्र प्राचार्यांना विचारून कळवतो म्हणाले. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. ताईनं त्यांना सांगून टाकलं, उत्तर आल्यावर मी हॉस्टेल बघायला येणार, दाराच्या कड्या बघणार, मग पोरगी चाचणीला येईल. आम्ही दोघी सकाळच्या तपोवननं जाणार आहोत. रिझर्वेशन मिळालं तर बरं, नाहीतर उभ्यानं.

त्या स्थळवाल्यांना ताईनं अजून होही म्हटलेलं नाही आणि नाहीही. बुटांचं मात्र ठरलंय. बायकांच्या बुटांत तिच्या मापाचा जोड आपल्या बाजारात मिळेना, तेव्हा पुरुषांचे आठ नंबर आणलेत. पुढं थोडा कापूस कोंबावा लागतो. कापसाला आपल्याकडे काय तोटा!